खाडीत उभा राहिलेला क्रूस

"हे तुमच्यातला एकही जण खरं मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो," मी म्हणालो. "आमच्या फादरनीसुद्धा मानलं नाही. आणि पाण्याचा द्राक्षारस झाला, हे तर ते वेदीवरून छातीठोक सांगतात."

"आजोबा, ही बिबट्याची का?" सिल्वियाने विचारलं. "रोजरी सुरू झाली की गुडघे टेकणारा?"

"बिबट्याची वेगळी. आणि तो नुसता थांबला होता. गुडघे टेकले, असं मी कधी म्हणालो?"

"मागच्या नाताळला."

ओटीवरचे सगळे हसले. इनासची महिन्याची मिस्सा सकाळीच झाली होती. जेवणं उरकली होती, आणि माणूस गेल्यावर महिन्याभराने घरात जेवढं हसू परत येतं तेवढं आलं होतं. इनास म्हणजे माझा मेव्हणा, नातालीनचा एकुलता भाऊ. सिल्विया त्याची नात. ती इस्पितळात नर्स आहे, त्यामुळे तपासल्याशिवाय कोणाचं काही खरं मानत नाही. नातालीन, माझी बायको, दाराशी पाटावर बसून वाल सोलत होती. ती माझ्या गोष्टींना हसत नाही. साठ वर्षं ऐकतेय.

"क्रूसाची सांगा," सिल्विया म्हणाली. "आमच्या आजोबांना खाडीतून काढलंत ती. त्यांना विचारलं की ते उठून वाडीत जायचे. केळींना पाणी लावायला."

"लाजाळू होता," मी म्हणालो.

तर ऐका.

गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटून तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्या वर्षी जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं शव लोकांच्या दर्शनाला ठेवणार होते. तिकडे संताला 'सायब' म्हणतात. आम्ही वसईचे नऊ जण सायबाच्या सणाला चालत निघालो. बोट होती, गाडी होती, पण नवस चालत जायचा होता. आणि नवस आमच्या घरचा होता.

नातालीनची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसरं पोटात होतं आणि आठवा महिना लागत होता. दाईने या खेपेला तोंडच उघडलं नाही. नुसती पोटावरून हात फिरवायची आणि निघून जायची. तेव्हा नातालीनने नवस केला. तिचा बाप सुतार. त्याने सागाचा क्रूस घडवला. उभा केला तर माझ्या हनुवटीला लागेल एवढा उंच आणि लोहाराने ऐरणीला वापरावा एवढा जड. तो क्रूस गावच्या चर्चपासून सायबाच्या पायापर्यंत न्यायचा, सणाच्या दिवशी तिथे ठेवायचा, आणि मधल्या वाटेत त्याला कुठेही भुई लागू द्यायची नाही. भुई लागली की नवस मोडला. मग मागे फिरायचं, आणि पुन्हा चर्चच्या पायरीपासून निघायचं.

"तेवढा वेळ पोटातलं पोर थांबणार होतं का?" सिल्विया म्हणाली.

"नव्हतं थांबणार. म्हणून तर टेकवायचा नव्हता."

आता महिनाभर चालायचं आणि साडेचार फुटी क्रूस जमिनीला लावायचा नाही, म्हणजे काय करायचं? त्याचीही एक रीत बसवली होती. रोजरीची एक पूर्ण माळ, पन्नास मणी, एका खांद्यावर. माळ संपली की खांद्यावरून थेट दुसऱ्याच्या खांद्यावर. जेवताना दोघांनी समोरासमोर मांडी घालून बसायचं आणि क्रूस दोघांच्या मांड्यांवर आडवा. ते दोघे जेवायचे सगळ्यात शेवटी, गार झालेलं. झोपताना दोराने झाडाच्या फांदीला नाहीतर देवळाच्या, शाळेच्या, जे मिळेल त्याच्या वाशाला टांगायचा. हिंदूंच्या देवळांत लोक विचारायचे, हे काय? आम्ही सांगायचो, नवस. की पुढे कोणी काही विचारायचं नाही. नवस सगळ्यांना कळतो.

दोर असायचा बस्त्यावकाकांच्या खांद्याला. बस्त्याव डाबरे आमचे म्होरके. साठीचे, काटक, गावातल्या प्रत्येक मयताला पुढे उभे राहून प्रार्थना सांगणारे. ते क्रूसावर अशी नजर ठेवायचे की क्रूसाला लाज वाटावी. क्रूस माझ्या खांद्यावर असताना मी पन्नासाऐवजी तीस मणी म्हणून माळ संपल्याचं जाहीर करायचो. पहिले आठ दिवस खपलं. नवव्या दिवशी काका माझ्या शेजारून चालायला लागले आणि मण्यागणिक बोट वर करायला लागले.

"पास्कोल," ते म्हणाले, "तुझ्याच बायकोचा नवस आहे रे."

"तीस मणी मनापासून म्हटले की पन्नासाला पुरतात, काका."

"तुझं मन मला माहीत आहे. पन्नास म्हण."

इनास एकवीस वर्षांचा होता. तो मात्र पन्नासाचे साठ म्हणायचा, बहिणीसाठी. कोणाचा खांदा दुखला की हा पुढे. रात्री फांदीखाली झोपायचा, क्रूस पडलाच तर आपल्या अंगावर पडावा म्हणून.

असे आम्ही मालवणच्या खाली एका खाडीपाशी आलो. खाडीचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून जिवंत असतील, आणि मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं तर वसईला येऊन मारतील. सण दोन दिवसांवर आला होता. खाडीपलीकडे गेलं की नेटाने चालून तिसऱ्या दिवशी सकाळी जुनं गोवं. हिशोब अगदी काठावर होता. आणि खाडीकाठी आलो तर होडी पलीकडच्या तीरावर बांधलेली. होडीवाला कुठल्याशा लग्नाला गेलेला. परत येणार उद्या दुपारी.

"उद्या दुपारी म्हणजे सण गेला," बस्त्यावकाका म्हणाले.

क्रूस तेव्हा माझ्या खांद्यावर होता. समोर पाणी उतरलेलं, लांबवर काळा गाळ उघडा पडलेला. गाळातून खुंट ठोकून वाट दाखवलेली, कमरेएवढे खुंट, एकामागे एक. खुंट संपतात तिथे एक चिंचोळा प्रवाह, आणि त्याच्या पलीकडे वाळूचा पट्टा, थेट किनाऱ्यापर्यंत.

"चालत जाऊ," मी म्हणालो.

तिथे एक म्हातारी बाई गुडघाभर चिखलाने माखलेली, पाटीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घेऊन वर येत होती. तिने ऐकलं.

"आता खंय जातास?" ती म्हणाली. "पाणी फिरला."

"नाही, मावशी. आज द्वादशी. सव्वातीनपर्यंत पाणी उतरत राहणार."

आता हे तुम्हा पोरांना माहीत नाही. आम्ही वसईचे लोक ख्रिस्ती झालो तरी समुद्र काही ख्रिस्ती झाला नाही. तो अजून तिथीवरच चालतो. तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती पुरी. द्वादशीची पाऊणपट नऊ. नऊ वाजता भरती, म्हणजे सव्वातीन वाजता ओहोटी पुरी. माझ्या बापाने, त्याच्या बापाने, सगळ्यांनी याच हिशोबावर खाडीकाठच्या खाजणात बांध घातले. आणि तेव्हा बस्त्यावकाकांच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. एक तास हातात होता. खाडी ओलांडायला अर्धा पुरे.

"तुजी बारस तुज्या गावात," म्हातारी म्हणाली. "हय पाणी फिरला म्हंजे फिरला."

मी हसलो. म्हटलं, "मावशी, आम्ही वसईचे. आम्हाला खाडी शिकवता?"

ती पाटी डोक्यावर घेऊन गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. काका माझ्याकडे पाहत होते.

"पास्कोल, खात्री आहे?"

"खाडीत वाढलोय, काका."

"क्रूस तुझ्या खांद्यावर आहे म्हणून विचारतो."

"म्हणूनच सांगतो. चला."

ते म्हणाले, चला. मी सांगितलं म्हणून ते म्हणाले. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर गावात लोक म्हणायचे बस्त्यावने माणसं खाडीत घातली. बस्त्यावने नाही.

पुढे काका, त्यांच्या मागे बायका, मग बाकीचे पुरुष, सगळ्यात मागे मी आणि माझ्यापुढे इनास. चप्पल हातात. गाळ पोटरीपर्यंत येत होता, पण खुंटांच्या कडेने खाली कठीण लागत होतं. निम्मं अंतर झाल्यावर माझा उजवा खांदा जळायला लागला. मी थांबलो. खांदा बदलायचा तर एकट्याला येत नाही, क्रूस कुठेतरी टेकवावा लागतो. इनास मागे आला, त्याने क्रूस उचलून धरला, मी वाकून डावीकडे घेतला. एवढंच. पन्नास मणीसुद्धा झाले नसतील. मान वर केली तर पुढची माणसं तिवरांच्या झाडीच्या टोकाला वळसा घालून दिसेनाशी झालेली.

आणि इनास म्हणाला, "भावोजी, खुंट आखूड झाले."

मी पाहिलं. मघाशी कमरेला लागणारे खुंट मांडीला लागत होते. खुंट आखूड होत नाहीत. पाणी वर येतं. आवाज नाही, लाट नाही, काळ्या गाळावर जसं तेल पसरतं तसं पाणी पसरत चाललं होतं, आणि आमच्याकडून समुद्राकडे नाही, समुद्राकडून आमच्याकडे. त्या भागात भरती आमच्यापेक्षा तासभर आधी लागते, हे मला तेव्हा कळलं. बापाने सांगितलं नव्हतं. बाप वसईच्या पुढे गेलाच नव्हता.

"चल," मी म्हणालो. "पटपट. खुंट धरून."

पण दहा-बारा पावलांत पुढचे खुंट बुडाले. खाली वाट कुठे आहे ते दिसेना. इनास म्हणाला, "तुम्ही थांबा, मी पायाने चाचपून सांगतो. तुमच्या खांद्यावर क्रूस आहे." त्याच्या हातात काठी होती. काठी टेकवली, पाय टाकला. काठी टेकवली, पाय टाकला. तिसऱ्या वेळी काठी टेकवली आणि काठी गेलीच. तिच्यामागून तो.

मांड्यांपर्यंत गेला. हसला. म्हणाला, "थांबा हं, निघतो." एक पाय काढायला जोर लावला, दुसरा आणखी खाली गेला. कमरेपर्यंत. मग तो हसायचा थांबला.

"हलू नकोस!" मी ओरडलो. "इनास, हलू नकोस!"

"नाही हलत."

मी काकांना हाका मारल्या. तिवरांपलीकडून त्यांच्या माळेचा आवाज येत होता, सगळे एका सुरात म्हणत होते, आणि त्या सुरात माझी हाक बुडत होती. इनास माझ्यापासून दोन हातांवर. मी पुढे पाय टाकला तर माझाही पाय लोण्यात सुरी जावी तसा आत जायला लागला, म्हणून मागे घेतला. पाणी माझ्या गुडघ्याला. त्याच्या छातीला.

"काठी दे," मी म्हणालो.

"काठी खाली गेली."

"कमरेचा पंचा सोड, टोक फेक."

"पंचा चिखलात आहे, भावोजी. हात खाली नेला की मी खाली जातो."

मी एका हाताने क्रूस सांभाळत दुसरा हात पुढे केला. पोचला नाही. वीतभर कमी पडला. मी आणखी वाकलो, तोल गेला, क्रूसाचं टोक पाण्याला लागता लागता राहिलं. तेवढ्यात इनास ओरडला. मला वाटलं बुडाला. तर म्हणतो, "टेकवू नका! भावोजी, क्रूस टेकवू नका!"

"गप्प बस."

"माझ्या बहिणीला काय सांगाल? दोन गेली तिची. टेकवू नका. तुम्ही मागे जा, काकांना आणा."

"काका येईपर्यंत तू राहशील का?"

पाणी त्याच्या गळ्याला लागलं होतं. त्याने हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. साठ म्हणायचा ना पन्नासाचे, तसा म्हणत होता.

ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, तरी इथे आलं की मी थांबतो आणि पाणी मागतो. सिल्वियाने तांब्या पुढे केला. नातालीनने वालाची एक शेंग हातात धरली होती, ती ना मोडत होती ना सुपात टाकत होती.

आणि मग, मी म्हणालो, ते झालं जे तुम्ही खरं मानणार नाही.

मी म्हटलं, सायबा, मला दोन हात लागणार आहेत. आणि मी खांदा काढून घेतला. क्रूस पडला नाही. पाण्याच्या वीतभर वर, हवेत, सरळ उभा राहिला. वारा होता तरी हलला नाही. वर एक बगळा येऊन बसला, खोटं सांगत नाही, आडव्या लाकडाच्या डाव्या टोकावर. मी दोन्ही हातांनी इनासच्या दंडांना धरलं आणि ओढलं. गाळ असा आवाज करतो सोडताना, म्हैस पाय काढते तसा. पहिल्यांदा काखेपर्यंत आला. मग कमरेपर्यंत. मग माझ्या अंगावर येऊन पडला, थंडगार, डोळ्यांत, नाकात, सगळीकडे चिखल. मी उठून क्रूस खांद्यावर घेतला. बगळा उडाला. बस्स.

"बगळा नवीन आहे," सिल्वियाचा भाऊ म्हणाला.

"बगळा पहिल्यापासून आहे. तू तेव्हा लहान होतास, झोपून जायचास."

मग आम्ही दोघं मागे, शेवटच्या दिसणाऱ्या खुंटापाशी आलो, आणि त्या कडेने छातीभर पाण्यातून, क्रूस डोक्यावर धरून प्रवाह ओलांडला. इनास सगळी वाट रडत होता. चमत्कार डोळ्यांनी पाहिला की असं होतं. पलीकडे वाळूवर चढायच्या आधी मी त्याला थांबवलं आणि क्रूस पाण्यात धरून धुतला. चिखल उडाला होता ना, बराच उडाला होता.

पण बस्त्यावकाकांचे डोळे. ते धावत आले होते. बाकीचे मागे उभे. काकांनी इनासकडे पाहिलं, केसांपासून नखांपर्यंत काळा. माझ्याकडे पाहिलं, मी छातीपर्यंत काळा. मग क्रूसाकडे पाहिलं. सागाच्या रेषांमध्ये चिखल बसतो, तो हाताने धुऊन जात नाही.

"टेकला का?" ते म्हणाले.

"नाही."

"पास्कोल, मी शेवटचं विचारतो. टेकला असेल तर आपण इथून परत फिरू. मला कंटाळा नाही, मी पुन्हा येईन. पण खोटा नवस सायबापुढे नेऊन ठेवणार नाही."

मी मनात मोजलं. परत फिरायचं म्हणजे महिना. पुन्हा निघायचं म्हणजे आणखी एक. नातालीनचे दिवस भरायला राहिले होते तीन आठवडे.

"नाही टेकला," मी म्हणालो.

"हात ठेवून सांग. क्रूसावर."

मी हात ठेवला. "क्रूसाला भुई लागली नाही." आठ माणसं ऐकत होती. लाकूड ओलं होतं.

"आता तू," काका इनासला म्हणाले.

इनास पुढे आला. त्याने क्रूसावर हात ठेवला. त्याने तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी त्याला सांगत होतो, म्हण, बोल, चार शब्द आहेत. त्याचे ओठ हलले, आणि तो ओकला. पोटातलं सगळं खारं पाणी, चिखल, सकाळची भाकरी. बस्त्यावकाकांच्या पायांवर. बायका धावल्या, कोणी त्याचं डोकं धरलं, कोणी पाठ चोळली, आणि शपथ राहूनच गेली. माणसाच्या ओकण्याचा मला एवढा आनंद जन्मात कधी झाला नव्हता.

काका पाय धुताना मला म्हणाले, "तू म्हणालास ते मी मानलं. आता ते तुझ्याकडे." आणि पुढे चालायला लागले. त्यानंतर गोव्यापर्यंत त्यांनी माझे मणी मोजले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या गोव्यात होतो. माणसांचा महापूर. रांगेत उभं राहून राहून क्रूस चार खांद्यांवर फिरला. शेवटी माझ्यावर. सायबाच्या पायाशी मी तो ठेवला, आणि महिन्यात पहिल्यांदा त्या क्रूसाला भुई लागली. लोक रडत होते. संपली गोष्ट.

मी तांब्यातलं उरलेलं पाणी प्यायलो. नेहमी गोष्ट इथेच संपते. कोणीतरी चहाचं विचारतं, मुलं उठतात.

"आणि बाळ?" सिल्विया म्हणाली.

आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. मोठ्यांना माहीत आहे, आणि मुलांना गोष्टीत क्रूसच आवडतो.

"मुलगी झाली," मी म्हणालो. "नाताळच्या चार दिवस आधी. गोरी होती, तुझ्यासारखं नाक. फ्रान्सिस्का नाव ठेवलं, सायबावरून. अकरा दिवस होती."

कोणी चहाचं विचारलं नाही.

"क्रूस टेकला नव्हता, तरी?" सिल्विया हळूच म्हणाली.

"तरी."

"आजींना तुम्ही सांगितलंत, टेकला नाही म्हणून?"

"घरात पाऊल टाकल्याबरोबर तिने तेच विचारलं होतं. पाणीसुद्धा नंतर दिलं. सांगितलं, नाही टेकला."

सिल्वियाच्या आजोबांचा हार घातलेला फोटो दारावर होता, तिकडे ती पाहत होती. मग माझ्याकडे वळली. इस्पितळात पेशंटला विचारते तसं विचारलं, राग नाही, काही नाही.

"आजोबा, एक कळलं नाही. ते छातीपर्यंत रुतले होते. तुम्ही एक पाऊल पुढे टाकलंत तर तुमचाही पाय आत जात होता. तुमचा हात वीतभर कमी पडत होता. मग तुम्ही वीतभर पुढे गेलात कसे? आणि ओढताना तर तुमच्या पायांवर दोघांचं वजन आलं. तुम्ही का नाही रुतलात? तुम्ही कशावर उभे होता?"

"सायबाच्या कृपेवर," मी म्हणालो.

मुलं हसली. मीही हसलो. असल्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तरं तयार असतात.

"क्रूसावर," नातालीन म्हणाली.

तिने मान वर केली नव्हती. हातातली शेंग मोडून दाणे सुपात टाकले.

"उभा वगैरे काही राहिला नाही तो क्रूस," ती म्हणाली. "याने चिखलात आडवा घातला, फळीसारखा, आणि त्याच्यावर पाय देऊन उभा राहिला. तेव्हा माझा भाऊ वर आला. खोटं बोलतोय हा. साठ वर्षं खोटं बोलतोय."

"तुला कोणी सांगितलं?"

"इनासने. त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. म्हणाला, माझ्या जिवापायी तुझी पोर गेली, हे मनात ठेवून वेदीपुढे उभं राहवणार नाही. तोवर नऊ वर्षं मी सायबाचं तोंड पाहिलं नव्हतं. आम्ही शब्द पाळला आणि तू माझी पोर नेलीस, म्हणून भांडत होते त्याच्याशी. त्याला सोडून तुला विचारायला हवं होतं."

"मग विचारलं का नाहीस?" मी म्हणालो. "पन्नास वर्षं होती की तुला."

नातालीनने सूप बाजूला सारलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"इनास जिवंत होता ना," ती म्हणाली.